जुनी मालवाहू पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात आजही एखाद्या गुऱ्हाळामागे, बंद पडलेल्या कौलांच्या भट्टीशेजारी किंवा जुन्या अडत दुकानाच्या परड्यात एखादी पिकअप उभी दिसते. बहुतेक वेळा ती महिंद्राची असते, जीपच्या नाकाची किंवा चपट्या तोंडाची, 'एफसी' मॉडेलची. क्वचित बजाज टेंपोची मॅटाडोरही सापडते. बेळगावची भाजी गोव्याला, निपाणीचा तंबाखू, संकेश्वरची मिरची, खानापूरची कौलं, हा सगळा माल अशाच गाड्यांनी वाहिला. त्यांतली एखादी तुमच्या घरात असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः पेट्रोलवर चालणाऱ्या महिंद्राची आहेत, पण क्रम सगळ्याच गाड्यांना लागू पडतो.

तो क्रम असा: कागद, मग चासी, मग ब्रेक, मग इंजिन आणि वायरिंग, शेवटी हौदा आणि रंग. आपल्याकडे बरेच जण रंगापासून सुरुवात करतात. पैसा रंगात जातो आणि चकचकीत गाडी ब्रेकविना शेडमध्ये उभी राहते. दुसरी गोष्ट, ही कष्टाची गाडी आहे. तिला शोरूममधली मोटार करण्याच्या नादात तिच्या कामाच्या सगळ्या खुणा पुसल्या, तर हाती उरतो तो फक्त नवा पत्रा.

कागद

गाडी बघायला जाताना टॉर्च, तारेचा ब्रश, पातळ कागद आणि पेन्सिल न्या. चासीवरचा नंबर घासून स्वच्छ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. उमटलेला ठसा आरसी बुकातल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. इंजिनाचंही तसंच करा. डिझेल स्वस्त होतं त्या काळात कित्येकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. तो बदल बुकात चढवलेला नसेल, तर तुमचं काम तिथेच अडणार.

जुना नंबर वाचायलाही शिका. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. म्हणून म्हैसूर राज्याच्या काळात नोंदलेल्या गाडीचा नंबर 'एमवाय'ने सुरू होतो, त्यानंतरच्या गाड्यांवर 'सीए' दिसतं. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि आजच्या पद्धतीचे नंबर आले, बेळगावला केए-२२, चिकोडीला केए-२३. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरात असतात. संगणकावर तुमची गाडी सापडली नाही म्हणून घाबरू नका. मूळ बुक आणि टॅक्सच्या पावत्या घेऊन बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी अर्ज द्या. मात्र मूळ बुकच नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, आरटीओत चौकशी केल्याशिवाय इसार देऊ नका.

सीमाभागात आणखी एक पेच असतो. गाडी आजऱ्याची किंवा मिरजेची, घेणारा कागवाडचा. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला लागतो, त्याचा फॉर्म २८. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. मालवाहू गाडीवर सोसायटीचा बोजा असायचाच. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बुकावरची नोंद तशीच राहिलेली असते आणि सोसायटीही कधीकधी बंद झालेली असते. अशा वेळी सहकार खात्याच्या कार्यालयात दाखल्यासाठी खेटे पडतात. हे काम गाडी घेण्याआधी, जुन्या मालकाच्या सहीनेच करून घ्या.

जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग आणि वेळच्या वेळी टॅक्स लागतो. गाडी वीस वर्षं उभी असेल, तर थकबाकीचा आकडा लेखी मागा. परमिटची चिंता बहुधा नसते, कारण एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या आणि फारसे फेरबदल न झालेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची खास मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाची फी ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. हा नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, आणि तुमच्या पिकअपच्या बुकात 'मालवाहू' लिहिलेलं असणार. म्हणून वर्ग बदलून मिळेल का आणि त्या बॉडीसह ती या मालिकेत बसेल का, हे आरटीओला अर्ज करून लेखी विचारा. तोंडी 'होतंय की' वर लाखांचा खर्च सुरू करू नका.

तिने काय वाहिलं?

हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गाडी कुठे सडली असेल, कुठे झिजली असेल, हे तिने वाहिलेल्या मालावरून बरंचसं सांगता येतं.

जुना ड्रायव्हर जिवंत असेल तर आधी त्याला गाठा. "मामा, ही गाडी काय वाहायची हो? कुठल्या घाटाने जायची?" एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास तुम्ही फक्त ऐकायचं. माणूस न मिळाल्यास गाडीच वाचा.

कौलं आणि विटा वाहिलेली गाडी जड ओझ्याखाली वाकलेली असते. पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सपाट झालेले, त्यात नंतर घातलेला एखादा जादा पाटा, हौद्याच्या तळाला पोचे. पण माल कोरडा असल्यामुळे पत्रा बऱ्यापैकी शाबूत निघतो. अशा गाडीच्या चासीत जिथे पाट्याचा हँगर बसतो तिथे केसासारखी चीर शोधा. ती जागा रॉकेलने पुसून खडू फासला, की चिरेत मुरलेलं तेल थोड्या वेळाने खडूवर रेघेसारखं उमटतं.

भाजीची गाडी म्हणजे ओल्या पाट्या, पोती आणि रात्रभर गळणारं पाणी. तिचा तळ आणि केबिनच्या मागची भिंत कुजते. ती गोव्याच्या फेऱ्या करत असेल तर घाटात दुसऱ्या गिअरवर उतरून उतरून त्या गिअरचे दात झिजलेले असतात, शिवाय ब्रेक ड्रमना खोल चरे पडलेले. मासळीची गाडी मात्र शक्यतो घेऊच नका. वेंगुर्ला, मालवणकडून बर्फातली मासळी आणणाऱ्या गाडीत खारं पाणी चासीच्या आत शिरतं आणि लोखंड आतून खातं. बाहेरून हातोडी मारली तरी कधीकधी कळत नाही.

दुधाच्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. सांडलेलं दूध आंबतं आणि त्यातलं आम्ल तळाचा पत्रा खातं. त्यात प्रत्येक गावात थांबत जाण्यामुळे क्लच, स्टार्टर आणि दरवाज्याच्या बिजागऱ्या पार झिजतात. तंबाखूची गाडी त्या मानाने भाग्यवान. माल हलका, कोरडा, ताडपत्रीखाली झाकलेला. निपाणीकडची अशी गाडी मिळाली तर पत्र्याचा खर्च बराच वाचतो.

मुलूखही विचारात घ्या. खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस आणि अथणीची कोरडी हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाच साली बनलेल्या दोन गाड्यांपैकी अथणीची गाडी जवळजवळ नेहमीच जास्त घट्ट निघते.

चासी आणि पाटे

हौदा उतरवल्याशिवाय चासीचं खरं रूप दिसत नाही. बोल्ट गंजलेले असतील तर ग्राइंडरने कापा, हिसके देऊन चासीची भोकं फाडू नका. गाडी जॅकवर सोडून खाली शिरायचं नाही, चार पक्क्या घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. मग केबिनमागची जागा, क्रॉस मेंबरचे जोड आणि मागचे हँगर हातोडीने वाजवून बघा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं थप्प वाजतं आणि खाली लाल पापुद्रे पडतात.

सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवायचा. नुसती वरून पट्टी मारणं म्हणजे गंज आत कोंडणं. वेल्डिंगआधी आणि नंतर दोन्ही बाजूंचं कर्णाचं माप घ्या. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंतचं अंतर आणि त्याच्या उलट्या कर्णाचं अंतर सारखं आलं पाहिजे. फरक असेल तर गाडी रस्त्यावर तिरकी पळते, मग अलाइनमेंट कितीही करा.

पाटे उतरवून सुटे करा, घासा आणि बेळगावात किंवा कोल्हापुरात पाटे वळवणाऱ्याकडून मूळ वळणावर आणा. धंद्यासाठी घातलेला जादा पाटा आता काढून टाका. रिकामी गाडी त्यावर इतकी उडते की चासीलाच त्रास होतो. तो पाटा फेकू नका, गाडीच्या इतिहासाचा तुकडा म्हणून जपून ठेवा.

चाकं खोलताना लक्षात ठेवा, या जुन्या जीपवंशाच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असू शकतात. स्टडवर 'एल' खोदलेलं दिसलं की पाना उलटा फिरवा. नाहीतर चार फुटांचा पाइप लावून स्टड तोडला जातो.

टायरबाबतही जपा. ६.००-१६ हा आकार ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचाही आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक बाजारगावात तो सहज मिळतो आणि दुकानदार आपुलकीने तोच देऊ करतो. ट्रॅक्टरचा टायर शेतातल्या संथ चालीसाठी असतो. हायवेच्या वेगाला तो घालू नका. जीपचाच टायर मागा, वेळ लागला तरी चालेल.

ब्रेक

या गाड्यांत एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाट असते. एका चाकाकडे तेल गळलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इंजिन सुरू करण्याच्या मोहाआधी ब्रेक पूर्ण करा.

मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडा. आत खड्डे पडले असतील तर नुसतं किट बदलून भागत नाही, सिलिंडर बदला किंवा आत स्लीव्ह घालून घ्या. लोखंडी नळ्या सगळ्या नव्या टाका. साध्या तांब्याची नळी वाकवायला सोपी असते म्हणून काही फिटर तीच सुचवतात. कंपनाने ती कडक होऊन तडकते, घेऊ नका. रबरी होज तर निर्विवाद नव्या हव्यात. ड्रम लेथवर साफ करताना त्याची कमाल मापाची मर्यादा ओलांडू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो, त्यामुळे ड्रममधली धूळ कधीही हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा आणि पोरांना लांब ठेवा.

हातब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असतो. तिथलं ऑइल सील गळत असेल तर लायनर तेलाने भिजतो आणि हातब्रेक नावालाच उरतो. आधी सील, मग लायनर.

इंजिन

जुन्या पेट्रोल महिंद्रात विलीज या मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं हरिकेन इंजिन असतं, २,१९९ सीसी, चार सिलिंडर. याची रचना न्यारी आहे. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. त्यामुळे हेड उतरवलं की अर्धंच काम दिसतं, एक्झॉस्टची बाजू ब्लॉकच्या कडेला झाकणामागे असते. आजच्या पोरांना हे ठाऊक नसतं. वयस्कर मिस्त्री शोधा.

अनेक वर्षं उभं असलेलं इंजिन ओढून सुरू करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल ओता, काही दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूहळू दोन्हीकडे हलवा. सुटलं की कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर रिंगा आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंगवर काम निभेल. एखादा फारच खाली असेल तर इंजिन पूर्ण उघडा.

बोअर आणि क्रँक घासायला बेळगावचं उद्यमबाग किंवा कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ आहे, आणि हे आपल्या भागाचं भाग्यच. ओतकाम, लेथ आणि ग्राइंडिंग जाणणारे कारागीर तासाभराच्या अंतरावर असणं बऱ्याच जिल्ह्यांच्या नशिबी नाही. तिथे 'दहा, वीस, तीस' म्हणतात ते इंचाचे हजारावे भाग. क्रँक आधीच तीसपर्यंत घासलेला असेल तर दुसरा क्रँक शोधावा लागेल, म्हणून काम देण्याआधी मोजूनच घ्या. तुटलेला ब्रॅकेट किंवा पंपाची बॉडी नमुना देऊन नव्याने ओतून घेता येते.

जुळवणीची मापं जवळ ठेवा: फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगचं अंतर ०.०३० इंच, पॉइंटचं ०.०२० इंच. या इंजिनाच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कठीण पोलादाच्या आणि घट्ट आहेत का, हे ब्लॉक उघडा असतानाच तपासा.

आता आजच्या पेट्रोलबद्दल. आपल्या उसाच्या पट्ट्यातले साखर कारखाने जे इथेनॉल बनवतात, तेच आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कॉर्कची गॅस्केटं त्याला टिकत नाहीत. मऊ पडतात, फुगतात आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकतं. इथेनॉलला टिकणारी होज आणि पडदा मागून घ्या. टाकी आतून गंजलेली असेल तर सोल्डर किंवा वेल्ड करण्याआधी ती गरम पाण्याने वारंवार धुऊन, पाण्याने भरून जाणत्याकडेच द्या. रिकाम्या टाकीतल्या वाफेचा भडका जीव घेतो. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, कारण हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी तळाशी बसतं.

वायरिंग पूर्ण नवी घाला, कापडी वेष्टनाची जुनी वायर ठेवण्यात शहाणपण नाही. प्रत्येक फांदीला फ्यूज द्या. डायनामो खोलून परत बसवला की बॅटरीशी त्याची धन-ऋण दिशा जुळवून घ्या. ते राहिलं तर डायनामो आणि बॅटरीमधला कटआऊट जळतो.

हौदा, पत्रा आणि रंग

लाकडी तळ असेल तर किंजळ किंवा साग घ्या, फळ्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी नाही पण पाणी निथळेल इतकी फट ठेवा आणि कडांना आधी जवस तेल पाजा. पत्र्याचं काम १८ गेजमध्ये. लांबी (पोचे भरायची पुट्टी) जितकी कमी तितकी चांगली, पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) साखळ्या आणि कड्या मूळच्याच ठेवा.

काम दिवाळीनंतर सुरू करून रंग जानेवारी ते एप्रिलमध्ये मारा. मृगापासून पुढे बेळगावच्या हवेत इतका दमटपणा असतो की रंगावर पांढरट झाक येते आणि महिनाभरात फुगवटे उठतात.

रंग काढताना दारांना ग्राइंडर लावण्याआधी थांबा. पाण्याच्या कागदाने, आठशे नंबरने सुरू करून हजारवर या, ओलं ठेवत, तळहाताएवढ्या जागेत. वरचा हिरवा थर जातो, खाली एखादा निळा लागतो, आणि त्याखाली पिवळ्या रंगात एखादं अक्षर डोकं वर काढतं. कधी 'पब्लिक कॅरियर', कधी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं किलोतलं वजन, कधी अर्धवट दुकानाचं नाव, वर कन्नड आणि खाली मराठी. तिथेच थांबा, फोटो काढा, ट्रेसिंग पेपरवर अक्षरांचा वळसा उतरवून घ्या. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून घासकाम ओलंच ठेवायचं आणि हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

ही अक्षरं ब्रशने लिहिणारा पेंटर शोधून पुन्हा तशीच काढून घ्या, स्टिकर नको. जी भाषा ज्या जागी होती ती तिथेच राहू दे. आज कुणाला काय आवडेल, यावरून कन्नड पुसू नका आणि मराठीही पुसू नका. त्या दुकानदाराने दोन्ही लिहिली, कारण त्याचं गिऱ्हाईक दोन्ही बोलायचं. जुन्या मालकाच्या घरच्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन नाव ठेवा. बहुतेक घरं यावर इतकी हरखतात की अडगळीतली जुनी बिलबुकं आणि फोटोही काढून देतात. काही जागी मूळ रंग बरा असेल तर तो तसाच राखा आणि वरून फक्त पारदर्शक लेप द्या.

पहिल्या फेऱ्या

निदान थर्ड पार्टी विमा उतरवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. पहिली फेरी सपाट रस्त्यावर, रहदारी कमी असताना घ्या. बेळगाव ते खानापूर किंवा संकेश्वरच्या आतल्या रस्त्याने. चोर्ला, अनमोड, आंबोली सध्या नको. परत आल्यावर प्रत्येक ड्रमला हात लावून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरतोय.

पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि हेडचे बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ऑइल पाचशे किलोमीटरला बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात उन्हात धरून बघा. चमकती कुसळं दिसली तर बेअरिंग खातंय, गाडी तिथेच थांबवा. पुढे घाटात न्यायची वेळ आली, तर ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा आणि हौदा रिकामाच असू द्या.